सह्याद्रीचे हवामान : मोजणी आणि वर्गवारी

अंधेरी असो, बोरिवली असो, मुलुंड असो वा घाटकोपर. मुंबईच्या या उपनगरांत सकाळी नळाला जे पाणी येते, त्यातील फारच थोडे येथील भूमीवर पडलेले असते. साष्टीच्या डोंगरांत १८६० साली विहार तलाव झाला, १८७९ साली तुळशी तलाव झाला. परंतु वाढत्या शहराची तहान त्या दोहोंनी भागेना. म्हणून १८९२ साली तानसा तलाव सिद्ध झाला आणि पुढे वैतरणा व भातसा या नद्यांच्या खोऱ्यांकडे वळावे लागले. ही खोरी सह्याद्रीच्या कुशीतली होत. आषाढात आपल्या छपरांवरून जे ढग थोडे बरसून पूर्वेकडे निघून जातात, तेच पुढे डोंगराला भिडून रिते होतात आणि त्यांचे पाणी नळांच्या वाटेने आपल्याकडे परत येते. सह्याद्रीचे हवामान हा विषय याप्रमाणे आपल्या स्वयंपाकघरापर्यंत येऊन पोहोचलेला आहे.

या डोंगराच्या हवामानाचे प्रकार किती, ते कोणी ठरविले आणि कशाच्या आधारावर ठरविले, याचा इतिहास आज आपणांपुढे थोडक्यात मांडावयाचा आहे. हवामानाची वर्गवारी हे विद्वानांचे कागदी काम आहे, असा पुष्कळांचा समज असतो. परंतु कोणत्या रेषेच्या अलीकडे कोणते गाव पडले, यावर त्या गावाचे पीक, पाणी, आरोग्य आणि संकटकाळी मिळणारी मदत ही अवलंबून असतात. तेव्हा या रेषा कशा पडल्या, हे जाणून घेणे अगत्याचे आहे.

सर्वांत जुनी वर्गवारी आपल्या भाषेतच आहे. कोकण, घाटमाथा, मावळ आणि देश हे चार शब्द आपण भूगोलाची नावे म्हणून उच्चारतो. पण नीट पाहिले तर ती हवामानाचीही नावे आहेत. कोकण म्हणजे दमट, उबदार व भाताचा प्रदेश. घाटमाथा म्हणजे चार महिने धुक्यात बुडालेला, माती धुऊन गेलेला, उतारावर नाचणी व वरई यांवर निर्वाह करणारा प्रदेश. मावळ म्हणजे माथ्याच्या पूर्वेस उतरणारी खोरी. तेथे पाऊस भरपूर, पण सोसवेल इतका, म्हणून खाचरांत भात आणि माळावर नाचणी. त्याच्याही पूर्वेस देश. तेथे हलक्या जमिनीत बाजरी आणि काळ्या जमिनीत रब्बीची ज्वारी. आमच्या शेतकऱ्याने पर्जन्यमापक पाहिला नव्हता. त्याने पीक पाहिले, आणि जेथे पीक बदलले तेथे प्रदेशाचे नाव बदलले.

स्थळाप्रमाणे काळाचीही त्याने विभागणी केली. मृग, आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य या नक्षत्रांवर घाटमाथ्याची व मावळाची भिस्त. उत्तरा व हस्त यांवर देशाची. ही केवळ परंपरेची श्रद्धा नव्हे. महाबळेश्वरी पावसाचा भर जुलै महिन्यात असतो. त्याच सातारा जिल्ह्यातील माण व खटाव या तालुक्यांत तो सप्टेंबरात असतो. माथ्यावर पाऊस ओसरू लागतो, तेव्हा माणदेशात त्याची खरी वाट पाहणे चाललेले असते. एकाच जिल्ह्यात पावसाचे केवळ परिमाणच नव्हे, तर त्याचे पंचांगही निरनिराळे आहे.

असे का व्हावे? कारण समजण्यास कठीण नाही. नैर्ऋत्येकडून येणारा वारा अरबी समुद्रावरून बाष्पाने ओथंबून येतो. कोकणपट्टी ओलांडताच सह्याद्रीची भिंत त्याच्या वाटेत उभी राहते. वारा वर चढू लागतो. वर हवेचा दाब कमी, म्हणून तो प्रसरण पावतो आणि प्रसरण पावताना थंड होतो. थंड हवेत तितके बाष्प मावत नाही. ते ढगाचे व पुढे पावसाचे रूप घेते. माथा ओलांडून वारा पूर्वेस उतरू लागला की हीच क्रिया उलट घडते. हवा दाबली जाते, उबदार होते आणि पाऊस आटतो. महाबळेश्वरी वर्षाकाठी सुमारे साडेपाच ते सहा हजार मिलिमीटर, म्हणजे सव्वादोनशे इंचांच्या आसपास पाऊस पडतो. एकट्या जुलैतला पाऊसच सुमारे दोन हजार मिलिमीटर असतो. मुंबईच्या साऱ्या वर्षाच्या पावसाशी तो बरोबरी करू शकेल. तेथून पाचगणी वीस किलोमीटरांच्या आत. पण तेथे पाऊस एकतृतीयांशाच्या आसपास उरतो. पसरणीचा घाट उतरून वाईस यावे, तर तो हजाराच्याही आत येतो. आणि माणदेशात सुमारे पाचशे मिलिमीटरवर समाधान मानावे लागते. एका दिवसाच्या प्रवासात हवामानाच्या इतक्या पायऱ्या उतरता येतील अशी ठिकाणे जगात फार नाहीत.

या पायऱ्या आकड्यांत मांडण्याचा उद्योग एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी सुरू झाला. विल्यम हेन्री साइक्स हा मुंबईच्या लष्करातील अधिकारी. १८२४ साली त्याची दख्खनची सांख्यिकी माहिती गोळा करण्याच्या कामावर नेमणूक झाली. पुढील काही वर्षे तो वायुभारमापक व उष्णतामापक घेऊन या प्रदेशात हिंडला. दख्खनच्या पठारावर वायुभार दिवसातून दोनदा चढतो व दोनदा उतरतो आणि ही भरती-ओहोटी ठरावीक वेळीच येते, हे त्याने चिकाटीने नोंदले. लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याचा हा निबंध १८३५ साली प्रसिद्ध केला. डोंगराची उंची काढण्यासाठी त्याने पाणी उकळण्याची रीतही वापरली. जसजसे उंच जावे तसतसे पाणी कमी उष्णतेवर उकळते. स्थूलमानाने दर तीनशे मीटरांस एक अंश सेल्सिअस. महाबळेश्वरी ते सुमारे ९५ अंशांवरच उकळू लागते. तेथे डाळ शिजावयास वेळ का लागतो, याचे उत्तरही त्यातच आहे.

याच सुमारास, म्हणजे १८२६ साली, मुंबईत कुलाब्याची वेधशाळा स्थापन झाली आणि पुढे तेथे हवामानाच्या व चुंबकीय शक्तीच्या नियमित नोंदी होऊ लागल्या. १८४० नंतरच्या दशकात तेथे प्राध्यापक ऑर्लिबार यांच्या हाताखाली एक तरुण महाराष्ट्रीय काम करीत असे. तेच पुढे गणित व ज्योतिष यांतील अधिकारी म्हणून नावाजलेले केरो लक्ष्मण छत्रे, अर्थात केरूनाना. आकाशाचे पंचांग जाणणारा मनुष्य हवेचेही पंचांग मांडू लागला, ही आपल्या विद्येच्या इतिहासातील महत्त्वाची गोष्ट होय. पुढे याच वेधशाळेचे चार्ल्स चेंबर्स यांनी मुंबई इलाख्याच्या हवामानावर १८७८ साली एक विस्तृत ग्रंथ सिद्ध केला. १८९६ साली नानाभाई आर्देशीर फ्रामजी मूस हे कुलाबा वेधशाळेचे पहिले हिंदी संचालक झाले.

आकडे असे गोळा होत होते. पण त्यांवरून प्रकार कसे पाडावयाचे? त्या काळच्या युरोपीय विद्वानांवर अलेक्झांडर फॉन हुंबोल्ट याची मोठी छाप होती. १८०२ साली त्याने दक्षिण अमेरिकेतील चिंबोराझो हा पर्वत चढताना उंचीगणिक वनस्पती बदलत जाताना पाहिल्या. विषुववृत्तापासून ध्रुवाकडे जाताना जे फरक हजारो मैलांत पडतात, ते पर्वतावर काही मैलांतच आढळतात, हा विचार त्याने रूढ केला. विचार खरा होता. परंतु त्यावरून एक सोपा नियम अनेकांच्या मनात घर करून बसला. तो असा की, उंची समजली म्हणजे हवा समजली.

या नियमाचे पहिले फळ म्हणजे आपली थंड हवेची ठिकाणे. जॉन माल्कम हा १८२७ ते १८३० पर्यंत मुंबईचा गव्हर्नर होता. आजारी गोऱ्या सैनिकांना व अधिकाऱ्यांना दूर देशी हवापालटास धाडण्यापेक्षा इलाख्यातच उंच जागी ठेवावे, असा त्याचा विचार. साताऱ्याचे प्रतापसिंह महाराज यांच्याशी १८२९ साली करार होऊन वाईकडील खंडाळा या गावाच्या बदल्यात महाबळेश्वरची जागा कंपनी सरकारला मिळाली आणि तेथे माल्कमपेठ वसली. १८५० साली ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट माथेरानला चढला व मुंबईकरांना आणखी जवळचे ठिकाण लाभले.

उंचीमुळे गारवा मिळतो, हे खोटे नाही. दर किलोमीटरास सरासरी साडेसहा अंश इतकी उष्णता कमी होत जाते. म्हणून महाबळेश्वर मुंबईहून सात-आठ अंशांनी थंड. परंतु जून उजाडला म्हणजे उंचीचा हा हिशेब पुरेसा पडत नसे. भिंतींना गवताचे तट्टे बांधून, दारे लावून साहेबलोक खाली उतरत. आरोग्यधाम म्हणून वसविलेले गाव वर्षाचा तिसरा हिस्सा रिकामे पडे. म्हणूनच जॉन चेसन या इंग्रजाने १८६० नंतरच्या काळात पाचगणीची निवड केली. ती महाबळेश्वराहून थोडीशीच ठेंगणी. पण माथ्याच्या पूर्वेस असल्यामुळे पावसाळ्यातही राहता येईल अशी. पुढे तेथे शाळा निघाल्या, क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम झाले. केवळ उंची पाहणाऱ्याला ही दोन गावे सारखीच दिसली असती. बाराही महिने संसार करणाऱ्याला ती दोन निराळ्या देशांतली वाटतात.

उंचीच्या नियमाची खरी परीक्षा मात्र सिंकोनाने घेतली. सिंकोना म्हणजे ज्याच्या सालीपासून हिवतापावरील क्विनाइन निघते तो वृक्ष. मूळचा तो दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताचा. १८६० साली क्लेमंट्स मार्कम याने त्याची रोपे व बी हिंदुस्थानात आणविले. नीलगिरीवर त्याची लागवड यशस्वी झाली. हिवतापाने दरसाल असंख्य माणसे दगावत असलेल्या देशात याचे मोल काय होते, हे सांगावयास नकोच. तेव्हा मुंबई सरकारनेही आपल्या इलाख्यातील उंच, थंड जागा शोधली. ती अर्थातच महाबळेश्वर. वेण्णा नदीच्या काठी लिंगमळा येथे सिंकोनाची बाग लावण्यात आली.

ती जगली नाही. दहा-बारा वर्षांतच प्रयोग सोडून द्यावा लागला. नीलगिरीवरील उटीस वर्षाला सुमारे बाराशे मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो नैर्ऋत्य व ईशान्य अशा दोन्ही मोसमी वाऱ्यांत वाटला जातो. अँडीजच्या ज्या उतारावर हा वृक्ष वाढतो, तेथे वर्षातील बराच काळ धुके व ओलावा असतो. महाबळेश्वरी मात्र चार महिन्यांत त्याच्या चौपटीहून अधिक पाणी कोसळते, आणि नंतर सात-आठ महिने कोरडे जातात. रोपाने आधी पुरात उभे राहावे आणि मग अवर्षणात! डोंगर उंच होता, हवा थंड होती, तरी हवामान निराळे होते. सरकारी टिपणांत ही एक फसलेली बाग. पण वर्गवारीच्या इतिहासात तिचे महत्त्व मोठे आहे. पाऊस किती, याबरोबरच तो वर्षाच्या कोणत्या महिन्यांत व किती महिने, हे विचारल्याशिवाय डोंगराची हवा ओळखता येत नाही, हा धडा लिंगमळ्याच्या झाडांनी दिला.

१८७५ साली हिंदुस्थानचे हवामान खाते स्थापन झाले व हेन्री ब्लॅनफर्ड हे त्याचे प्रमुख झाले. हा काळ ध्यानात ठेवण्याजोगा आहे. कारण लगेच १८७६ ते १८७८ चा भयंकर दुष्काळ आला आणि त्यात दख्खन होरपळून निघाले. पाऊस का चुकतो, हा प्रश्न आता जीवनमरणाचा झाला. १८८४ साली ब्लॅनफर्ड यांनी असे प्रतिपादिले की, हिमालयावर ज्या वर्षी बर्फ अधिक पडते व उशिरापर्यंत टिकते, त्या वर्षी आपल्याकडील मोसमी पाऊस दुबळा होण्याकडे कल असतो. पुढे या नियमास अनेक पुरवण्या जोडल्या गेल्या, काही वर्षांनी तो खोटाही पाडला. तथापि दूरच्या पर्वतावरील बर्फ आणि माणदेशातील ज्वारी यांचा काही संबंध असू शकतो, हा विचार शास्त्रात कायमचा शिरला. खात्याचे मुख्य ठाणे १९०५ साली कलकत्त्याहून सिमल्यास गेले आणि १९२८ साली सिमल्याहून पुण्यास आले. १९४४ साली ते दिल्लीस हलले. पुण्याच्या शिवाजीनगरात ‘सिमला ऑफिस’ हे नाव मात्र राहिले. ते कशामुळे पडले, याची त्या चौकातून जाणाऱ्या कितीकांना कल्पना नसते.

साऱ्या जगाला लागू पडेल अशी वर्गवारी दिली ती व्लादिमिर कोपेन यांनी. हे १८४६ साली सेंट पीटर्सबर्ग येथे जन्मले व पुढे जर्मनीत हवामानशास्त्रज्ञ म्हणून प्रसिद्धीस आले. १८८४ साली त्यांनी उष्णतेचे पट्टे आखले. १९०० साली वनस्पतींच्या आधारावर हवामानाचे प्रकार पाडले. १९१८ साली त्यांत सुधारणा केली. त्यांची कल्पना अशी की, झाड हाच सर्वांत उत्तम हवामानमापक. कोणत्या जातीचे वन कोठे थांबते ते पाहावे आणि त्या सीमेशी जुळणारा उष्णतेचा व पावसाचा आकडा शोधावा. आमच्या शेतकऱ्याने पिकांवरून जे केले, तेच या विद्वानाने वनांवरून व गणिताच्या साहाय्याने केले, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

आता ही मोजपट्टी आपल्याकडे लावून पाहा. ज्या ठिकाणी सर्वांत थंड महिन्याची सरासरी १८ अंशांहून खाली जात नाही, ते कोपेन यांच्या मते उष्ण कटिबंधीय. मुंबई तर त्यात निःसंशय येते. महाबळेश्वर मात्र या १८ अंशांच्या आसपासच घोटाळते. अर्ध्या अंशाचा फरक झाला की त्याचे अक्षर बदलावे. त्यातही मौज अशी की, तेथील सर्वांत थंड दुपारी जानेवारीत नसून जुलै-ऑगस्टात असतात, कारण सूर्य ढगांआड असतो. दुसरी मोजपट्टी पावसाची. ज्या ठिकाणी एखादा महिना अगदी कोरडा जातो, तेथे वर्षाचा पाऊस २,५०० मिलिमीटरांहून अधिक असल्यासच त्याला मोसमी वनांचा वर्ग मिळतो. त्याहून कमी असल्यास ते सव्हाना, म्हणजे विरळ झाडीच्या गवताळ प्रदेशाच्या वर्गात जाते. कुलाबा या रेषेच्या अलीकडे राहते. अंधेरी-बोरिवलीचा भाग तिच्या उंबरठ्याशी येऊन पोहोचतो. एकाच महानगरात ही दोन टोके!

खऱ्या उंच पर्वतांपुढे तर भूगोलकारांनी हातच टेकले. कोपेन यांच्या नकाशात फेरफार करताना पुढील काही ग्रंथकारांनी हिमालय, तिबेट, अँडीज यांवर ‘एच’ हे एकच अक्षर घातले. त्याचा अर्थ इतकाच की, येथे दर दरीला व दर उताराला निराळे हवामान आहे. या नकाशात ते मावत नाही. १९४८ साली अमेरिकेतील थॉर्नथ्वेट यांनी आणखी एक पाऊल टाकले. पाऊस किती पडला एवढ्यावर न थांबता, जमीन व झाडे यांतून किती पाणी उडून जाऊ शकते, याच्याशी त्याची तुलना करावी, असे त्यांनी सांगितले. जमेच्या बाजूबरोबर खर्चाचीही बाजू मांडावी, हा हिशेब कोणत्याही गृहिणीस पटेल असाच आहे.

आपल्या राज्यात कृषिशास्त्रज्ञांनी १९७९ पासूनच्या राष्ट्रीय कृषी संशोधन प्रकल्पात हाच हिशेब अधिक जवळून मांडला. पाऊस, माती व पीक यांची सांगड घालून त्यांनी महाराष्ट्राचे नऊ विभाग केले. त्यांत कोकणचे दोन आहेत. मग घाटमाथ्याचा एक. त्याच्या पूर्वेस संक्रमणाचे दोन, एक डोंगरपायथ्याचा व एक मैदानी. आणि त्यापलीकडे अवर्षणाचा. उरलेले तीन मराठवाडा-विदर्भाकडील. आता मागे वळून पाहिले असता काय दिसते? कोकण, घाटमाथा, मावळ, देश! दीडशे वर्षांच्या मोजणीनंतर शास्त्र जेथे येऊन पोहोचले, तेथे भाषा आधीच उभी होती. शास्त्राने तिला आकड्यांचा आधार व सीमांची निश्चिती दिली, हे त्याचे श्रेय. आणि हे श्रेय लहान नाही.

हे सारे सांगण्याचे प्रयोजन असे की, सरासरी नावाची एक फसवी वस्तू आपल्या व्यवहारात फार शिरली आहे. महाबळेश्वर आणि माण हे एकाच सातारा जिल्ह्यात आहेत. दोहोंचा पाऊस एकत्र करून दोहोंत वाटला, तर जो आकडा येईल तितका पाऊस त्या दोन्ही ठिकाणी कधीच पडत नाही. पण कागदावर मात्र जिल्हा सुखी दिसतो. माणदेशातील शेतकरी दुष्काळात बैल विकीत असता जिल्ह्याच्या सरासरीने त्याच्या तोंडचे पाणी कागदोपत्री भरून काढावे, यासारखा अन्याय दुसरा नाही. म्हणून पर्जन्यमापक तालुक्याच्या, किंबहुना त्याहूनही लहान मंडळाच्या ठिकाणी असावा लागतो.

उलट बाजूही तितकीच गंभीर आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याच वेळी कुलाब्यास सुमारे ७३ मिलिमीटरच झाला. एका मापकावरून मुंबईची हवा सांगणाऱ्याचे त्या दिवशी काय झाले असते? २०२१ च्या २२ व २३ जुलैस महाबळेश्वरी चोवीस तासांत सुमारे सहाशे मिलिमीटर पाऊस कोसळला. त्याच दिवसांत पायथ्याशी महाड व चिपळूण ही शहरे बुडाली आणि तळिये गावावर दरड येऊन मोठी प्राणहानी झाली. माथ्यावरील आकडा हा पायथ्याच्या गावासाठी धोक्याचा निरोप असतो. तो वेळेवर खाली पोहोचला पाहिजे. २०१२ साली पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने महाबळेश्वरी ढगांच्या अभ्यासाची एक प्रयोगशाळा उभारली. पावसाळ्यात तेथे ढग खिडकीशी येतात, आणि त्यांतील थेंबांचा आकार व संख्या जमिनीवरूनच मोजता येते. ज्या ढगांना भिऊन एके काळी साहेबलोक खाली उतरत, त्या ढगांतच आता शास्त्रज्ञ मुद्दाम राहतात.

तेव्हा श्रोतेहो, वृत्तपत्रात ‘जिल्ह्यात सरासरीइतका पाऊस’ असे वाक्य वाचाल, तेव्हा तीन प्रश्न अवश्य विचारावे. हा पाऊस कोणत्या गावच्या मापकाने मोजला? तो माथ्याच्या पश्चिमेस की पूर्वेस? आणि तो कोणत्या महिन्यात पडला? तलाव भरल्याची वार्ता ऐकून मुलुंड-घाटकोपरच्या घरी समाधान वाटावे, हे योग्यच आहे. पण शहापूरकडील तलाव भरले म्हणजे म्हसवडची विहीर भरली असे होत नाही. त्या दोहोंच्या मध्ये सह्याद्री उभा आहे, आणि त्याच्या दोन बाजूंचा हिशेब दोन निरनिराळ्या वह्यांत मांडावा लागतो.